आइस हॉकीची टीम सारखी हरते, मग प्रॅक्टिसला बसून बघायचं काय?

आलेली चिठ्ठी:

ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, कॅनडात ब्रॅम्प्टनला येऊन सहा वर्षं झाली. मुलगा नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांचा झाला. गेल्या वर्षी स्केटिंग शिकला आणि या सीझनला आइस हॉकीच्या हाउस लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांना घेणाऱ्या साध्या लीगमध्ये, यू-११ ला (अकराच्या आतल्या गटात) घातलाय. टीम आत्तापर्यंत एकच मॅच जिंकलीये, परवा तर ९-१ ने हरले. कोच प्रॅक्टिसला निम्मा वेळ नुसतं स्केटिंग करून घेतो, पक (ती खेळायची रबरी चकती) देतच नाही. शेजारचा मुलगा त्याच वर्षीचा, जानेवारीतला, तो रेप टीममध्ये, म्हणजे निवडक पोरांच्या टीममध्ये आहे. नवरा म्हणतो पैसे वाया चाललेत, पुढच्या वर्षी बंद करू. सासरे फोनवर म्हणतात हा आपला खेळच नाही. मी दर शनिवारी पहाटे सहाला रिंकवर काकडत बसते आणि मला कळतच नाही की ही पोरं सुधारतायत का नाही. काय बघायचं असतं तिथे? मुलाला मात्र जायचंच असतं.
काकडलेली आई
ता. क. त्या हॉकी बॅगेच्या वासाचं काही करता येतं का?

अगं काकडलेली आई,

सगळ्यात कामाचं वाक्य तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, ते पण चार शब्दांत उरकलंस. मुलाला जायचंच असतं! पहाटे पाचला उठून, बाहेर उणे पंधरा, गाडीची काच खरवडायची, आणि हे सगळं दर आठवड्याला मार खाणाऱ्या टीमसाठी. माझ्या लेकीला शाळेसाठी उठवताना मला चार हाका आणि एक धमकी लागायची, आणि प्रॅक्टिसच्या दिवशी हीच बया अंधारात शिन पॅड बांधून जिन्यात बसलेली. त्यामुळे बंद करायचं का नाही हा प्रश्न आपण जरा बाजूला ठेवू, तुझा खरा प्रश्न बघायचं काय हा आहे आणि तो मला फार आवडला कारण मी स्वतः दोन सीझन चुकीचंच बघत होते.

मी सांगलीची, इथे येऊन बावीस वर्षं झाली, त्यातली सात त्या थंड बाकांवर गेली. लेक डिफेन्सला खेळायची. त्यात दोन वर्षं मी टाइमकीपर पण होते, म्हणजे त्या काचेच्या खोक्यात बसून स्कोअरबोर्डची बटणं दाबायची. तरी माझ्या अकलेची सुरुवात कुठून झाली ते ऐक. पहिल्या वर्षी मी हौसेने कोरे करकरीत स्केट्स आणले आणि पोरीला थेट बर्फावर सोडलं. ती उभीच राहीना. पडली, उठली, परत पडली, अख्खा तास हेच. मी बाहेर डोळे पुसतेय की माझी पोरगी अगदीच ढ निघाली म्हणून. शेवटी एका आजोबांनी स्केट उलटा करून पात्यावर नख फिरवून बघितलं आणि हसायलाच लागले, म्हणाले याला धारच नाहीये. नवीन स्केट्सना दुकानात धार लावून घ्यावी लागते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे विळी आणली आणि बोथट विळीवर भोपळा चिरायला बसले आणि वर भोपळ्याला नावं ठेवतेय. हे तुला अशासाठी सांगितलं की मुलगा अचानक जास्त घसरायला लागला तर आधी धार बघ, आमची दर तीन-चार आठवड्यांनी जायची.

आता स्कोअरबोर्ड. तो बघू नकोस असं तुला रिंकवर सगळेच सांगतील, मी हिशोबच मांडते. आमच्या लीगमध्ये बारा-बारा मिनिटांचे तीन पिरियड, दर दोन मिनिटांनी भोंगा वाजला की पाच जण बाहेर आणि पाच जण आत. पंधरा पोरांची टीम, म्हणजे एकेकाच्या वाट्याला बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत दोन्हीकडची मिळून दहा पोरं आणि पक एक. अगदी सारखी वाटणी झाली तरी सव्वा मिनिटाच्या वर येत नाही, आणि सारखी वाटणी कुठली होतेय, दोन दांडगी पोरं निम्मा वेळ घेऊन जातात. मी एकदा लेकीच्या मॅचला मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, पक तिच्या स्टिकवर टेकला की चालू, गेला की बंद. अख्ख्या मॅचचे झाले एकोणीस सेकंद. एकोणीस सेकंदांसाठी मी रविवारी जेवणवेळेला पाऊण तास गाडी चालवत गेले होते आणि पाऊण तास परत! प्रॅक्टिसला पन्नास मिनिटं असतात आणि बहुतेक ड्रिलना प्रत्येकाचा पक वेगळा असतो. शिकणं होतं ते तिथेच, मॅच म्हणजे त्याची पावती आणि ती पण दीड-दोन महिने उशिरा हातात पडते. पलीकडे अमेरिकेत यूएसए हॉकी या तिथल्या संघटनेने २००९ ला लहान मुलांच्या ट्रेनिंगची पद्धत बदलली ना, त्यात सगळा जोर यावरच आहे, मॅच कमी, प्रॅक्टिस जास्त आणि रिंकचे तुकडे पाडून एका वेळी चार-पाच ठिकाणी वेगवेगळी ड्रिल, म्हणजे पोरं रांगेत ताटकळत नाहीत.

तर प्रॅक्टिसला जा आणि काचेला नाक लावून उभी राहू नकोस, वरच्या रांगेत कोपऱ्यात बस, तिथून सगळी रिंक दिसते.

पहिलं बघ थांबणं. आपल्याला वाटतं वेग बघावा, पण वेग काय, घाबरलेलं पोर पण वेगात जातं कारण त्याला थांबताच येत नाही. सुरुवातीला पोरं दोन्ही पाय फाकवून, पुढे टोकं जुळवून हळूहळू थांबतात किंवा सरळ बोर्डावर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, जाऊन आदळतात, तो पण एक ब्रेकच. मग एक दिवस येतो हॉकी स्टॉप, दोन्ही पाय एकदम आडवे, खर्रर्र आवाज आणि बर्फाचा फवारा. तो आवाज ओळखायला शीक. पण गंमत पुढे आहे, बहुतेक पोरांना तो एकाच बाजूने येतो. आपण उजव्या हाताने लिहितो तसं. उजवीकडे वळून मस्त थांबतील आणि डावीकडे थांबायची वेळ आली की गोल चक्कर मारून परत उजवीवरच येतील, इतक्या सफाईने मारतील की तुला कळणार पण नाही. तुझा मुलगा कुठल्या बाजूने चुकवतो ते शोध. माझ्या लेकीची डावी बाजू यायला नोव्हेंबर ते मार्च गेले, आणि ज्या दिवशी आली त्या दिवशी मॅच आम्ही सणसणीत हरलो आणि मी गाडीत एकटीच खूश.

दुसरं, पडणं. तुला वाटत असेल कमी पडायला लागला की सुधारला. पहिले दोन-तीन महिने हो, नंतर उलटं असतं. प्रॅक्टिसला कोच कडेवर झुकायला सांगतो, पात्याच्या आतल्या आणि बाहेरच्या धारेवर, वळताना पायावरून पाय टाकायला सांगतो, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. जे पोर झुकतच नाही ते पडत पण नाही. ताठ उभं राहून वर्षभर एकदाही न पडणारी पोरं मी बघितलीत आणि ती पुढच्या वर्षी पण तिथेच होती. तेव्हा किती वेळा पडला ते मोजू नकोस, पडल्यावर किती पटकन उठला ते बघ, आणि उठताना स्टिक हातात आहे का. ऑक्टोबरात पडलेलं पोर आधी आईकडे बघतं, जानेवारीत ते पक कुठे गेला ते बघतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते आणि ती मुलाची नाही, टीमची आहे. सीझनच्या सुरुवातीला यू-११ ची मॅच म्हणजे गुळाला मुंगळे. पक कोपऱ्यात गेला की दहाच्या दहा पोरं कोपऱ्यात, गोलकीपरला पण यायचं असतं बिचाऱ्याला. नुसत्या काठ्यांचा खडखडाट. मग कोच ब्रेकआउट शिकवायला लागतो, म्हणजे आपल्याच गोलमागून पक बाहेर कसा काढायचा. एक डिफेन्सवाला गोलमागे पक घेऊन थांबणार, विंगर बोर्डाला चिकटून उभा राहणार, सेंटर मधून वळसा घेत येणार, मग पास, पास आणि बाहेर. कागदावर सोपं आहे. दहा वर्षांच्या पोराला बोर्डाला चिकटून नुसतं थांब म्हणणं म्हणजे पंगतीत जिलेबी येतेय आणि हात मांडीवर ठेव म्हणण्यासारखं. महिनाभर ते जमत नाही, कुणीतरी धावतंच. आणि मग एका शनिवारी तू वरून बघत असशील आणि तुला दिसेल की मुंगळे पांगलेत. तीन पोरं तीन ठिकाणी थांबलीयत, कुणी ओरडलं नाही तरी. त्या वेळी पास हुकेल, पक समोरच्याला मिळेल, गोल पण खाल्ला जाईल, आणि तरी टीम सुधारलेली असेल. स्कोअरबोर्डावर काय दिसेल, तर परत एक गोल विरुद्ध. म्हणून म्हणते, स्कोअरबोर्डाला काही कळत नाही, मीच बटणं दाबत होते.

आणि एक, डोळे मिटून ऐकायचं. खरंच. पक कडक रबराचा असतो, स्टिक ताठ धरली की तो टक करून उडून जातो. हात सैल सोडून, स्टिक जराशी मागे घेत तो झेलावा लागतो, तसा झेलला की आवाज बारीक येतो, थप् असा. सुरुवातीला नुसती टकटक, हळूहळू ती कमी होते. मी चहाचा थर्मास घेऊन डोळे मिटून बसायचे, बाकीच्या आयांना वाटायचं झोपलीये ही.

एक लहान वही ठेव आणि दर शनिवारी तीनच आकडे लिही, न तुटता सलग किती पास झाले, वाईट बाजूने किती वेळा थांबला, आणि ब्रेकआउट कितीदा गोलमागून निळ्या रेषेपर्यंत (तिथे आपली हद्द संपते) पोचला. आमच्या टीमचा माझ्या वहीतला पहिला आकडा होता दोन पास. ख्रिसमसच्या आधी चार-पाच व्हायला लागले. मॅचेस तेव्हा पण हरतच होतो, ७-१, ६-२ असं काहीतरी. फेब्रुवारीत एक ३-३ झाली, पोरं जग जिंकल्यासारखी उड्या मारत होती, आणि पुढच्याच आठवड्यात ६-१ ने परत आपटलो. सरळ चढ कधीच नसतो गं, पण वहीत मात्र पासचा आकडा त्या आपटलेल्या मॅचला पण सात होता.

आता कोच पक देत नाही ही तुझी तक्रार. मी सांगलीत शाळेच्या खो-खो टीममध्ये होते, आमच्या बाईंनी पहिला महिनाभर पाठलाग करूच दिला नाही. नुसतं चौकोनात बसायचं, खो मिळाला की उठायचं, परत बसायचं, आणि खांबाला वळसा मारायचा, मांड्या भरून यायच्या. आम्ही वैतागलेलो, घरी जाऊन बाईंना नावं ठेवायचो. पण जिल्ह्याच्या मॅचला आमच्या पोरी उठायच्या आणि समोरच्या बघत राहायच्या. स्केटिंगचं अगदी तसंच आहे. पाय आपोआप चालायला लागल्याशिवाय डोकं वर येत नाही, आणि डोकं वर आल्याशिवाय पास कुणाला द्यायचा ते दिसत नाही. तुझा मुलगा गेल्या वर्षीच शिकलाय, त्याला तर या कोचचा सगळ्यात जास्त फायदा आहे. अगदीच हात शिवशिवत असतील त्याचे तर बेसमेंटमध्ये एक लाकडी गोळी नाहीतर टेनिस बॉल आणि स्टिक दे, रोज दहा मिनिटं. हॉकीतला सगळ्यात नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झकी, त्याच्या वडिलांनी ब्रँटफर्डला परसात रिंक केली होती ही गोष्ट तुला तिथे पाच जण तरी सांगतील, पण त्याच ग्रेट्झकीने सहाव्या वर्षी दहा वर्षांच्या पोरांबरोबर खेळताना पहिल्या अख्ख्या सीझनला एकच गोल केला होता हे कुणी सांगत नाही.

फक्त एक फरक नीट बघ. शिकवायला स्केटिंग वेगळं आणि शिक्षा म्हणून वेगळं. हरल्याच्या रागात या टोकापासून त्या टोकापर्यंत दमेस्तोवर पळवायचं हा प्रकार हॉकीत जुना आहे. अमेरिकेचा कोच हर्ब ब्रूक्स यासाठी प्रसिद्ध, सप्टेंबर १९७९ ला ऑस्लोत नॉर्वेशी ३-३ बरोबरी झाली म्हणून त्याने मॅच संपल्यावर टीमला बर्फावरच ठेवलं, रिंकचे दिवे गेले तरी पळवतच होता. दुसऱ्या दिवशी नॉर्वेलाच ९-० हरवलं आणि पुढच्या फेब्रुवारीत लेक प्लॅसिडच्या ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत टीमला ४-३. ऐकायला भारी वाटतं, पण ती कॉलेजातली दांडगी पोरं होती, ऑलिम्पिकला निघालेली. दहा वर्षांच्या पोराला ९-१ हरला म्हणून असं पळवलं तर तो कोच मला चालणार नाही. तुझा कोच हरण्याआधी आणि हरल्यानंतर तेच ड्रिल घेतो का ते बघ. तेच घेत असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर बोल, पण मॅच झाल्या झाल्या पार्किंगमध्ये गाठू नकोस, इथे चोवीस तास थांबायचा रिवाज आहे आणि तो चांगला आहे, मी एकदा मोडला आणि पुढचा महिनाभर त्या माणसाशी नजर मिळवता आली नाही. आधी टीम मॅनेजरला मेसेज टाक.

शेजारचा जानेवारीतला. अगं इथे वयोगट कॅलेंडर वर्षाने पडतात, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. म्हणजे तो पोरगा तुझ्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी मोठा आणि कागदावर दोघं एकाच वयाचे. दहाव्या वर्षी दहा महिने म्हणजे उंचीत, ताकदीत, स्केट्सच्या साइजमध्ये सगळीकडे दिसतात. मग निवड होते मोठ्याची, त्याला कोच चांगला, बर्फ जास्त, आणि तो अजून पुढे जातो. हे काही मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, कॅनडातच रॉजर बार्नस्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ ला छापलंय की वरच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच भरती कशी जास्त असते. तेव्हा तुलना करायचीच झाली तर तुझ्या मुलाची त्याच्याशीच कर, ऑक्टोबरातल्या त्याच्याशी. प्रत्येक महिन्याला एकच ड्रिल मोबाइलवर शूट करून ठेव, अर्धा मिनिट पुरे. आणि नवऱ्याला भांडणात तोंडी काही सांगू नकोस, नुसते दोन व्हिडिओ एकापाठोपाठ लाव. आमच्याकडे तो उपाय चालला, आमचे हे पण हिशोबाचे पक्के.

पण नवऱ्याला एक मात्र तोंडीच सांग, गाडीतलं बंद. ऑगस्टमध्ये रजिस्ट्रेशनला तुम्हाला तो ऑनलाइन रिस्पेक्ट इन स्पोर्टचा, पालकांनी कसं वागायचं ते शिकवणारा कोर्स करावा लागला असेल, घरातल्या एका पालकाने तरी करायचाच असतो, तो बहुतेक तूच केला असशील आणि नवरा बाजूला फोन बघत बसला असेल. परतताना गाडीत 'तू तिथे पास का नाही दिलास' हे सुरू झालं की पोरगं खिडकीबाहेर बघायला लागतं. मी स्वतः केलंय हे. बाकावरून 'शूट, शूट' म्हणून ओरडायचे, लेक डिफेन्सला, गोलपासून साठ फूट लांब. एके दिवशी ती म्हणाली आई तू ओरडतेस ना तेव्हा मला कोचचं ऐकू येत नाही. त्यानंतर गाडीत आम्ही फक्त टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानात काय घ्यायचं एवढंच बोलायचो.

पैशाचं नवऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. हा खेळ महाग आहे, त्याला महाग म्हणायला लाजायचं काय. हेल्मेट सोडून बाकी सगळं जुनं चालतं, पोरांचे पाय वर्षात दोन साइज वाढतात, जुन्या सामानाच्या दुकानात निम्म्याहून कमी किमतीत स्केट्स मिळतात. आणि रेपच्या मागे आत्ता लागू नका, तिथे खर्च आणि प्रवास दोन्ही अंगावर येतात.

सासऱ्यांना सांग, लडाखच्या पोरी खेळतात. भारताची महिला आइस हॉकी टीम २०१६ ला तैपेईत पहिल्या स्पर्धेत सगळ्या मॅच हरली. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपीन्सला ४-३ ने हरवून पहिली मॅच जिंकली आणि २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं. वर्षातले जेमतेम दोन महिने तळी गोठतात, त्या बर्फावर शिकलेल्या पोरी त्या. मग परत विचार त्यांना, आपला नाही म्हणजे कुणाचा. (नको, असं विचारू नकोस, सासरे आहेत. ब्राँझचं मात्र नक्की सांग.)

बंद करायचं का हे मार्चमध्ये मुलाला विचारा, टीम हरलीये त्या संध्याकाळी नाही, आठवडाभराने. तोपर्यंत तू वही लिही.

आणि बॅग. तो वास जात नाही, तो कमी होतो. घरी आलात की बॅग डिकीत ठेवायची नाही म्हणजे नाही, कितीही दमलेले असा. सगळं बाहेर काढून बेसमेंटमध्ये वाळत घालायचं, खाली फॅन लावायचा, ग्लव्ह्ज उलटे करून टांगायचे कारण सगळ्यात घाणेरडे तेच. स्केट्सची पाती पुसून, आतली इनसोल काढून ठेव, नाहीतर गंज आणि वास दोन्ही. शिन पॅड, एल्बो पॅड महिन्यातून एकदा बाथटबमध्ये कोमट पाण्यात व्हिनेगर घालून बुडवून ठेव, मग दोन दिवस वाळव. आणि बॅग स्वतः उन्हाळ्यात गॅलरीत टाक, हिवाळ्यात गराजमध्ये उघडी. आमची लेक आता युनिव्हर्सिटीत आहे, तिची बॅग अजून गराजमध्ये आहे आणि गराजचं दार उघडलं की अजून कळतं.